विंडोज पुन्हा मिळेल, खातेवही मिळणार नाही

कॉम्प्युटरच्या सिस्टिम फाइली कशा सांभाळाव्यात आणि बिघडल्या तर काय करावे

किराणा दुकान, कापडाची पेढी, लूमचे ऑफिस, एम्ब्रॉयडरीचा कारखाना, छापखाना, कुठेही गेले तरी टेबलावर आज कॉम्प्युटर दिसतो. बिले त्यावर निघतात, जीएसटीचे रिटर्न त्यावरून भरले जाते, पार्टीची उधारी त्यातच लिहिलेली असते. असा कॉम्प्युटर एखाद्या सकाळी सुरूच होत नाही. पडद्यावर इंग्रजीतील दोन-चार ओळी येतात किंवा सगळा पडदा निळा होतो. मेकॅनिकला बोलावले जाते. तो दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "विंडोज उडाले आहे. फॉरमॅट मारावा लागेल."

आपले बहुतेक व्यापारी बंधू या वाक्यावर मान डोलावतात. दुकानात गिऱ्हाईक उभे असते, काम थांबलेले असते आणि कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा एवढेच डोक्यात असते. संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू होतो, अगदी नव्यासारखा चालतो. मात्र रमजानच्या सीझनची उधारी, तीन वर्षांची बिले किंवा पंचिंगची डिझाइने त्यात नसतात.

हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते. त्यासाठी इंजिनिअर होण्याची गरज नाही. कॉम्प्युटरमध्ये कोणता माल विकत मिळणारा आहे आणि कोणता फक्त आपल्याचकडे आहे, एवढा फरक कळला तरी अर्धे काम होते. या लेखात आम्ही तो फरक आणि दुरुस्तीच्या पायऱ्या सांगणार आहोत. दुकानांत बहुधा विंडोजचेच कॉम्प्युटर असल्याने विवेचन विंडोजपुरते ठेवले आहे.

सिस्टिम फाइल म्हणजे काय?

कॉम्प्युटर चालू करताच आधी विंडोज जागे होते आणि मग टॅली, बिलिंग किंवा डीटीपीचे सॉफ्टवेअर उघडते. विंडोज म्हणजे हजारो फाइलींचा संच आहे. यातील महत्त्वाच्या फाइली सी ड्राइव्हवरील 'विंडोज' या फोल्डरमध्ये आणि त्यातही 'सिस्टिम ३२' या पोटफोल्डरमध्ये असतात. काही फाइली कीबोर्ड, प्रिंटर, पडदा यांच्याशी बोलतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. काही फाइली अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात. त्यांना डीएलएल म्हणतात. शिवाय 'रजिस्ट्री' असते. कोणते सॉफ्टवेअर कुठे बसवले आहे, कोणता प्रिंटर जोडला आहे, कोणी कसे लॉगिन करायचे, अशा सर्व नोंदींची ती मोठी नोंदवही होय.

दुसरा माल आपला स्वतःचा. टॅलीचा डेटा, एक्सेलमधील मजुरीचा हिशेब, कोरल ड्रॉमधील लग्नपत्रिका, इनपेजमधील मजकूर, एम्ब्रॉयडरी मशीनची डिझाइने, गिऱ्हाइकांचे पत्ते.

पहिला माल कोट्यवधी कॉम्प्युटरवर जसाच्या तसा आहे. आपल्या दुकानातली डीएलएल फाइल आणि शेजारच्या दुकानातली त्याच आवृत्तीची फाइल यांत एका अक्षराचाही फरक नसतो. म्हणून ती बिघडली तर पुन्हा आणता येते. आपल्या उधारीची वही मात्र जगात फक्त आपल्याकडे आहे. ती मायक्रोसॉफ्टकडे नाही आणि टॅली विकणाऱ्याकडेही नाही. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

फाइली बिघडतात कशा?

पहिले कारण वीज. विंडोज एखादी फाइल लिहीत असताना, विशेषतः अपडेट चालू असताना, वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते. यूपीएस हा खर्च नसून विमा आहे असे समजावे. यूपीएसची बॅटरी उतरली असेल तर तो असून नसल्यासारखाच.

दुसरे कारण डिस्क. हार्ड डिस्क झिजते. कॉम्प्युटर एकाएकी फार मंद झाला, फाइल उघडताना अडखळू लागला किंवा डिस्कमधून टकटक आवाज आला तर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्रॅम चालवण्याआधी डेटा बाहेर काढावा. मरणाऱ्या डिस्कवर तपासणी चालवत राहणे म्हणजे लंगड्या घोड्याला पळवणे.

तिसरे कारण व्हायरस. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये तयार केलेला 'सीआयएच' व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी आशियातील असंख्य कॉम्प्युटरवर जागा झाला. तो डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसून टाकी आणि काही मदरबोर्डवरील बायोस चिपही निकामी करी. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच असल्याने लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले.

चौथे कारण ऐकून नवल वाटेल. पहारेकरीच घरात मोडतोड करतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची 'एसव्हीसीहोस्ट' ही महत्त्वाची फाइल व्हायरस समजून काढून टाकली आणि कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-सुरू होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. भारतातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. उपाय काय होता? 'सेफ मोड'मध्ये जाऊन ड्रायव्हरच्या फोल्डरमधील ती एक फाइल काढून टाकणे. यंत्रांवरील डेटा जागच्या जागी होता. निळा पडदा पाहताच ज्याने फॉरमॅट मारला असेल त्याने आपला माल विनाकारण गमावला.

पाचवे कारण आपलाच हात. २००१ आणि २००२ साली ई-मेलवर एक अफवा फिरली. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक नावाची फाइल आहे का पाहा, असेल तर तो व्हायरस आहे, ताबडतोब पुसा आणि सर्वांना कळवा.' त्यातील एका फाइलीचे चिन्ह लहान अस्वलाचे होते. लोकांनी शोधली तर ती खरोखर सापडली, कारण ती विंडोजची स्वतःचीच फाइल होती. ज्यांनी पुसली त्यांनी घरच्या नोकराला चोर समजून हाकलले. आज तशीच अफवा व्हॉट्सॲपवरून येऊ शकते. जागा कमी पडते म्हणून विंडोज फोल्डरमधून हाताने फाइली पुसणे हाही याच जातीचा उद्योग आहे.

सहावे कारण फुकटचे सॉफ्टवेअर. 'क्रॅक' म्हणून मिळणारे प्रोग्रॅम पुष्कळदा विंडोजच्याच फाइलींत ढवळाढवळ करतात आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे सांगतात. दुकानाचे कुलूप काढून मग आत येणारा माणूस भला असेल अशी आशा करण्यासारखेच हे आहे. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे एकदा जातात. क्रॅकची किंमत कधी आणि किती द्यावी लागेल ते सांगता येत नाही.

विंडोजचा स्वतःचा बंदोबस्त

विंडोज ९५ च्या काळात कोणतेही नवे सॉफ्टवेअर बसवताना ते सामाईक डीएलएल फाइलींवर आपली जुनी प्रत बिनदिक्कत लिहून टाकी. मग आधीचे सॉफ्टवेअर बंद पडे. या गोंधळाला जाणकारांनी 'डीएलएल नरक' असेच नाव दिले होते.

१९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर 'सिस्टिम फाइल चेकर' आला. बिघडलेली फाइल ओळखून तो सीडीवरून मूळ प्रत आणून देई. त्याच विंडोजमध्ये रजिस्ट्रीच्या मागील पाच प्रती आपोआप राखून ठेवण्याची सोय होती. २००० साली विंडोज २००० ने पुढचे पाऊल टाकले. संरक्षित फाइल कोणी बदलली की विंडोज लपवून ठेवलेल्या फोल्डरमधून मूळ प्रत तत्काळ परत आणू लागले. त्याच वर्षी विंडोज एमई मध्ये 'सिस्टिम रिस्टोर' आले आणि २००१ मध्ये एक्सपीबरोबर ते घरोघर पोहोचले.

२००७ मध्ये व्हिस्टाने पद्धतच बदलली. चोरी झाल्यावर माल परत आणण्यापेक्षा तिजोरीची किल्लीच मालकाच्या हाती न देण्याचे धोरण आले. तेव्हापासून विंडोजच्या मुख्य फाइलींची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या अंतर्गत खात्याकडे असते. ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहजासहजी बदलता येत नाहीत. मूळ फाइलींचे कोठार 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरमध्ये असते. हा फोल्डर फार मोठा दिसतो म्हणून काही जण तो पुसायला जातात. तसे कधीही करू नये. तेच तर गोदाम आहे.

फाइल खरी आहे की नाही हे विंडोज कसे ओळखते? सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो तसा प्रत्येक फाइलीचा गणिताने काढलेला एक ठसा असतो आणि त्याची नोंद मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल सहीनिशी जपलेली असते. फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही.

दुरुस्तीच्या पायऱ्या

कॉम्प्युटर सुरू होतो, पण विचित्र वागतो, प्रोग्रॅम अचानक बंद पडतात, अशा वेळी पुढील क्रमाने जावे.

१. आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बाकी सर्व त्यानंतर.

२. स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरे टाइप करावीत. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे. काळी खिडकी उघडेल.

३. पहिली आज्ञा: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ. आम्ही येथे देवनागरीत छापले आहे, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करावे. प्रत्येक तिरप्या रेघेच्या आधी एक जागा सोडावी, नंतर सोडू नये. क्लीनअप आणि इमेज यांच्यामध्ये आडवी छोटी रेघ येते. रिस्टोर आणि हेल्थ हे शब्द जोडून लिहावेत. ही आज्ञा गोदामाची तपासणी करते आणि खराब निघालेला माल इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टकडून मागवते. म्हणून नेट चालू असावे. ही सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे.

४. ती पूर्ण झाल्यावर दुसरी आज्ञा: एसएफसी /स्कॅननाऊ. हाच तो सिस्टिम फाइल चेकर, फक्त आता काळ्या खिडकीतला. तो मुख्य फाइली एकेक करून तपासतो आणि बिघडलेल्या जागी गोदामातील प्रत ठेवतो.

हा क्रम उलटा का करू नये? अनेक सिस्टिम फाइलींच्या बाबतीत गोदामातील प्रत आणि वापरातील प्रत ही डिस्कवर प्रत्यक्षात एकच फाइल असते, तिला दोन नावे दिलेली असतात. ती बिघडली की दोन्हीकडे बिघडते. अशा वेळी गोदामच खराब असताना त्यातून माल काढून काय उपयोग? म्हणून आधी गोदाम, मग दुकान.

५. एसएफसीचा निकाल मुख्यतः तीन प्रकारचा येतो. एक, काहीही बिघाड सापडला नाही. मग दोष दुसरीकडे, म्हणजे ड्रायव्हर, मेमरी किंवा डिस्क यांत शोधावा. दोन, बिघाड सापडला व दुरुस्त केला. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा. तीन, बिघाड सापडला पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत. मग दोन्ही आज्ञा पुन्हा एकदा चालवून पाहाव्यात. तरीही तेच उत्तर आले तर पुढचा मार्ग धरावा.

६. पुढचा मार्ग म्हणजे विंडोजवर विंडोज बसवणे. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' येथे आपले प्रोग्रॅम व कागदपत्रे तशीच ठेवून विंडोज नव्याने बसवण्याचे बटण आहे. त्याच ठिकाणी 'रीसेट धिस पीसी' हेही बटण आहे. ते दाबताना सावध राहावे. त्यातील 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडला तरी बसवलेले प्रोग्रॅम जातात. बिलिंग सॉफ्टवेअर आपला डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्येच ठेवत असेल तर त्याच्याबरोबर तोही जाऊ शकतो. नाव 'फाइली ठेवा' असे असले तरी त्यात सगळ्या फाइली येत नाहीत.

आणखी एक इशारा. 'अमुक डीएलएल सापडत नाही' असा संदेश आला की काही जण ती फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवून घेतात. अनोळखी माणसाकडून बिनपावतीचा माल घेऊन तिजोरीत ठेवण्याचा हा प्रकार आहे. ज्या सॉफ्टवेअरला ती फाइल हवी ते सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे किंवा वरील दोन आज्ञा चालवाव्यात.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर

विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू होऊ शकले नाही की निळ्या पडद्यावर दुरुस्तीचा तक्ता आपोआप येतो. त्यात 'स्टार्टअप रिपेअर', 'सिस्टिम रिस्टोर', शेवटचे अपडेट काढून टाकणे आणि 'सेफ मोड' अशा सोयी असतात. फॉरमॅटपूर्वी हे सर्व करून पाहिले का, हे मेकॅनिकला जरूर विचारावे.

हा तक्ताही येत नसेल तर पेन ड्राइव्ह कामी येतो. कॉम्प्युटर ठीक असतानाच 'रिकव्हरी ड्राइव्ह' तयार करून ठेवावा. त्यासाठी १६ जीबी किंवा अधिक क्षमतेचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यातील जुने सर्व पुसले जाते. शटर अडकल्यावर लोहार शोधण्यापेक्षा दुसरी किल्ली घरी असलेली बरी.

येथे एक नवी अडचण सांगितली पाहिजे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेली असते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या तक्त्यात शिरताना तो ४८ अंकी 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागू शकतो. २०२४ च्या क्राउडस्ट्राइक प्रकरणात अनेक कार्यालयांचे घोडे इथेच अडले. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जपलेली असते. मेकॅनिकने किंवा दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलवर खाते उघडून दिले असेल तर किल्ली त्याच्याकडे, माल आपल्याकडे. म्हणून खाते आपल्या नावाचे असावे आणि ४८ अंक कागदावर लिहून दुकानाच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत.

सिस्टिम रिस्टोर काय करते, काय करीत नाही

सिस्टिम रिस्टोर कॉम्प्युटरच्या सिस्टिम फाइली, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि बसवलेले प्रोग्रॅम मागच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीवर नेऊन ठेवते. नवा प्रिंटर ड्रायव्हर टाकला आणि गडबड सुरू झाली, अशा वेळी हा उत्तम इलाज आहे. मात्र अनेक कॉम्प्युटरवर ही सोय बंद असते. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' टाइप करावे, सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन ती चालू करावी. नवे सॉफ्टवेअर बसवण्याआधी स्वतः एक रिस्टोर पॉइंट तयार करावा. दोन मिनिटांचे काम आहे.

आता जे करीत नाही ते. कालची पुसली गेलेली एक्सेल फाइल हे परत आणत नाही. बिघडलेला टॅलीचा डेटा दुरुस्त करीत नाही. डिस्कच मेली तर तिच्यावरचे रिस्टोर पॉइंटही मरतात. खंडणी मागणारे व्हायरस तर आधी हे पॉइंटच पुसतात. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने हेच केले होते. सिस्टिम रिस्टोर आहे म्हणून बॅकअपची गरज नाही, असे कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

न्हावाशेवा बंदरातील धडा

ही गोष्ट मोठ्या कंपनीची आहे, पण शिकवण लहान दुकानदारालाही तेवढीच लागू आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये वापरात असलेल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. तो कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी लागणारा डिस्कचा पहिला भागच बिघडवी. पैसे मागत असे, पण पैसे देऊनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मेर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेले नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले. मालाचे कंटेनर अडकून पडले.

मेर्स्कचे अध्यक्ष जिम हेगमन स्नेब यांनी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले की, कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटरवर सगळे नव्याने बसवले. म्हणजे विंडोज पुन्हा मिळाले. पण कोणाला कशात प्रवेश आहे याची कंपनीची स्वतःची नोंदवही सुमारे दीडशे सर्व्हरवर होती आणि ते सर्व एकमेकांची नक्कल करीत असल्याने सर्व एकदमच गेले. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार आफ्रिकेतील घाना या देशात एकच प्रत वाचली, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सतत जोडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती आरसा आहे. मूळ चेहऱ्यावर डाग पडला की आरशातही पडतो. आणि जी प्रत तारेपासून दूर असते तीच वेळेला वाचते.

खातेवहीची राखण

रोज: दुकान बंद करताना डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट व वाय ही बटणे एकत्र दाबली की 'बॅकअप' दिसते. इतर बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय बहुधा असते. प्रत घेतल्यावर ड्राइव्ह काढून घ्यावा.

दोन ड्राइव्ह: एकच ड्राइव्ह रोज वापरू नये. एक सम तारखेचा, एक विषम तारखेचा ठेवावा. आज बिघडलेला डेटा आजच्या ड्राइव्हवर गेला तरी कालचा शाबूत राहतो.

एक प्रत घरी: आठवडी सुट्टीच्या आदल्या दिवशी एक प्रत घरी न्यावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच खणात असतील तर पाणी दोघांत भेद करीत नाही. ज्यांना जमेल त्यांनी इंटरनेटवरील साठ्यातही एक प्रत ठेवावी.

महिन्याला एकदा: बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावा. शेवटचे बिल दिसते का, पार्टीची बाकी जुळते का, हे बघावे. न तपासलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड.

कारागिरांसाठी: पंचिंगची डिझाइने, खास फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, सॉफ्टवेअरचे लायसन्स क्रमांक आणि पावत्या यांचा वेगळा फोल्डर करून त्याचीही प्रत ठेवावी. फॉन्ट हरवला तर जुनी फाइल उघडते, पण मजकूर वाचता येत नाही.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. 'कॉम्प्युटर फॉरमॅट झाला' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही आणि उधारी नाकारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तर मुळीच चालत नाही.

मेकॅनिकला काय सांगावे?

बहुतेक मेकॅनिक प्रामाणिक असतात, पण त्यांना दिवसात दहा ठिकाणी जायचे असते आणि फॉरमॅट हा त्यांचा सर्वांत जलद इलाज असतो. म्हणून आपणच आधी स्पष्ट सांगावे. "आधी डेटा काढून द्या, मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहतो, मग हवे ते करा." विंडोज सुरू होत नाही म्हणजे डेटा गेला असे नाही. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर ती पुष्कळदा वाचता येते, कुलूपबंद असल्यास किल्ली मात्र लागते. फॉरमॅटनंतर शोधाशोध करणे हा शेवटचा उपाय. जुन्या फिरत्या डिस्कवर त्यात थोडी आशा असते, नव्या एसएसडीवर ती फार कमी असते.

फोन करून "आम्ही मायक्रोसॉफ्टकडून बोलतो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एरर आहेत" असे सांगणाऱ्याला कॉम्प्युटरचा ताबा कधीही देऊ नये. तो दाखवतो त्या लाल खुणा चांगल्या कॉम्प्युटरवरही असतात. मायक्रोसॉफ्ट असे आपणहून फोन करीत नाही.

रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वापरू नये, साधे खाते उघडावे. दुकानातील पोऱ्याने चुकून काही बसवायचा प्रयत्न केला तरी विंडोज पासवर्ड मागेल. अपडेट टाळू नयेत. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहेत. ज्यांच्याकडे अजून तेच आहे त्यांनी पुढची सोय करण्याचा विचार आताच करावा.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पेढीवर लाल कापडी बांधणीची वही असे. रात्री दुकान बंद करताना ती तिजोरीत जाई. गल्ला एखादे वेळी उघडा राहिला तरी चालेल, वही राहता कामा नये, असा त्यांचा शिरस्ता होता. वहीचे रूप बदलले आहे, शिरस्ता बदलण्याचे कारण नाही. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी वाचकांनी एवढेच तपासावे की, आपल्या हिशेबाची कालची प्रत कॉम्प्युटरच्या बाहेर कुठे आहे. उत्तर देता आले नाही तर आज संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी पहिली प्रत घ्यावी.